राजाच्या चोरखिशातली पावती

सोमवार, ता. ३

ती. मावशीस,

नमस्कार-चमत्कार सगळे पोचले असं समज, कारण आज मी भाची म्हणून लिहीत नाहीये. करसल्लागाराच्या ऑफिसातली जबाबदार कर्मचारी म्हणून लिहितेय. हसू नकोस. मला माहितीये तू हसतेयस.

काल फोन केला तर तू नुसतं "हंऽ, हंऽ, हंहंऽ" केलंस. तोंडात टाचण्या असणार. तू टाचण्या काढून बोलशील याची वाट बघत बसले तर माझी नोकरी जाईल, म्हणून हे पत्र.

साहेबांनी तुझी फाइल माझ्या टेबलावर आदळली आणि म्हणाले, "मावशी तुमची, डोकेदुखी तुमची. सवलत मात्र कुणालाच नाही." फाइल उघडली तर आत एकच कागद. त्यावर तुझ्या अक्षरात लिहिलंय, "यंदा बरं चाललं." मावशी, याला हिशेब म्हणत नाहीत गं!

आता नीट वाच. तुझ्या दुकानाची खोली जागामालक विकायला निघालाय आणि पहिला हक्क तुझा, पण तो फक्त या महिनाअखेरपर्यंत. बँक कर्ज द्यायला तयार आहे, पण यंदाचं रिटर्न भरलेलं दाखवा म्हणते. रिटर्नवर साहेबांची सही लागते आणि साहेब खर्चाची अस्सल पावती डोळ्यांनी बघितल्याशिवाय पेनाचं टोपणसुद्धा काढत नाहीत. म्हणजे पावत्या नाहीत तर खोली नाही. इतकं सरळ आहे.

तेव्हा मागच्या वर्षीच्या सगळ्या पावत्या जशा आहेत तशा पाठवून दे. लावत, निवडत बसू नकोस. ते सगळं मी बघते.

तुझी,
मुंगी

*

शुक्रवार, ता. ७

चि. मुंगीबाईसाहेब, जबाबदार कर्मचारी, यांस मावशीचे आशीर्वाद आणि एक गालगुच्चा.

अगं किती दमात घेतेस! पत्र वाचताना मी उभीच राहिले. समोर गिऱ्हाईक होतं, त्याला वाटलं काहीतरी वाईट बातमी आली. बिचाऱ्याने घासाघीस न करता भाडं दिलं. असली पत्रं अधूनमधून पाठवत जा.

तू सांगितलंस तसंच केलंय. पावत्या जशा आहेत तशा पाठवल्यात. एकीलाही हात लावलेला नाही. उद्या सकाळी टेम्पो तुमच्या ऑफिसच्या दाराशी येईल. उतरवायला दोन धट्टीकट्टी माणसं लागतील. अस्वलाचं डोकं वर राहील असं बघ, नाहीतर कान मोडतात. परीचे पंख दारातून आडवे घ्यायचे. आणि राक्षसाला उन्हात ठेवू नका, रंग उडतो.

बाकी तुझ्या साहेबांना चहा जास्त होतोय का? अशी माणसं फार चिडचिडी असतात.

तुझी मावशी

*

मंगळवार, ता. ११

ती. मावशीस,

मी तुला काय म्हणू? तूच सांग मी तुला काय म्हणू!

शनिवारी सकाळी ऑफिस उघडलं. साहेब एका मोठ्या कारखानदाराशी बोलत बसले होते. कारखानदार नवा, साहेब त्याला गोड गोड बोलून पटवत होते, "आमच्याकडे कामाला शिस्त आहे." आणि दारातून अस्वल आत आलं. पाठोपाठ राक्षस. मग दोन शिपाई, एक म्हातारी, आणि परी दारात अडकली. टेम्पोवाल्याने विचारलं, "सही कोण करणार?" कारखानदार माझ्याकडे बघतोय, साहेब माझ्याकडे बघतायत, आणि मी परीच्या पंखामागे लपून बघतेय की जमीन दुभंगते का.

मी पावत्या मागवल्या होत्या, मावशी. तू भाड्याने देतेस ते नाटकाचे कपडे नव्हे.

पेटारे उपसून उपसून थकले. एक पावती दिसेल तर शपथ. शेवटी साहेबांनी वैतागून सेनापतीचा कोट उचलला आणि झटकला, तर अस्तरात काहीतरी कुरकुरलं. हात घातला, चोरखिसा! आणि त्यात घडी घालून ठेवलेली कापडाची पावती, बटणांची पावती, धोब्याची पावती. एका टाचणीत ओवलेल्या. साहेबांनी कोट उलटा करून अस्तराची शिवण तपासली. मग म्हणाले, "हे कुणी शिकवलं तुमच्या मावशीला?" मी म्हटलं, "विचारून सांगते." तेव्हा विचारतेय.

तेव्हापासून ऑफिसात दुसरं काम नाही. साहेब स्वतः शोधतायत. खिसा सापडावा म्हणून अंगात घालून बघावं लागतं म्हणे. काल दुपारी ते सेनापतीच्या कोटात बसून एका गिऱ्हाइकाला दंड समजावून सांगत होते. गिऱ्हाइकाने लगेच पैसे भरले.

खिशांत आणखी काय काय निघालं ते ऐक: एक खोटी मिशी, बिस्किटाचा अर्धा तुकडा, आणि म्हातारीच्या पातळाच्या ओच्यात तिचे पूर्ण संवाद लिहिलेला कागद. अस्वलाच्या पोटात गिरणीच्या रांगेचा नंबर.

रागावलेलीच,
मुंगी

ता. क. कारखानदाराने काम आपल्याकडेच दिलं. का, ते कुणाला कळलेलं नाही.

*

शुक्रवार, ता. १४

चि. मुंगीस,

तुझं पत्र मी दुकानात मोठ्याने वाचून दाखवलं. हसून हसून आमची पुरेवाट झाली. शिवणयंत्रावरची बाई खुर्चीवरून घसरली. परी दारात अडकली! मी सांगितलं होतं आडवे घ्या म्हणून.

आता साहेबांना सांग. कपड्याचा कागद कपड्यातच ठेवायचा, ही माझ्या शिवणकामाच्या बाईंची शिकवण. कोणी कोट फाडून आणतो आणि वर म्हणतो, "काय हो, जुनंच तर होतं." मग मी अस्तरात हात घालून पावती काढते आणि त्याच्या नाकासमोर धरते. कापड कधीचं, कितीचं, शेवटचं धुतलं कधी, सगळं त्यात. माणूस भरपाई मोजून देतो. पावती कपाटात असती तर शोधेपर्यंत तो पळाला असता. आहे की नाही शिस्त? तुझ्या साहेबांच्या कपाटापेक्षा जास्त आहे.

बरं, आता जरा मनातलं. काल जागामालक आला होता, फीत घेऊन. सोबत एक चपला-बुटांचा व्यापारी. त्याला इथे गोदाम करायचंय. दोघं माझ्यादेखत भिंतीपासून भिंतीपर्यंत मापं घेत होते आणि मी मधे उभी. व्यापारी म्हणाला, "बाई, जरा सरका." माझ्याच दुकानात मला सरका! मी सरकले नाही. फीत माझ्या पोटावरून गेली. मालक म्हणाला, "महिनाअखेरपर्यंत तुमचं नाही जमलं तर यांना देऊन टाकतो, नंतर रुसू नका."

मी हसून साजरं केलं. पण मुंगे, ते गेल्यावर मी शटर अर्धं ओढून घेतलं आणि परीट-घडीच्या गठ्ठ्यावर बसून चांगली रडले. कुठे जाणार मी एवढं राज्य घेऊन? अस्वलाला घरी नेऊ का? तू हे काम कर गं. कसंही कर.

तुझी मावशी

*

मंगळवार, ता. १८

ती. मावशीस,

फीत पोटावरून गेली हे वाचून आधी हसले आणि मग इतका राग आला की टेबलावर मूठ आपटली. साहेब दचकले. रडू नकोस. त्या गठ्ठ्यावर बसून मी सगळ्या इयत्ता पार केल्यात. माझा पाढा चुकला की तू शिवता शिवताच ओरडायचीस. तिथे बुटांचं गोदाम होऊ देते होय मी!

बातमी चांगली आहे. सगळ्या पावत्या महिन्याप्रमाणे लावून झाल्या. भिंतीला दोरी बांधून चिमट्यांनी टांगल्यात. ऑफिस अगदी वाळत घातल्यासारखं दिसतंय. साहेब येता-जाता बघून खूश होतात. अस्वल त्यांच्या खुर्चीमागे उभं केलंय, ते म्हणतात राहू दे, बरं वाटतं.

बातमी वाईट अशी की सगळ्यात मोठी पावती नाही. मागच्या वर्षी तू अख्ख्या दरबाराचं जरीचं कापड एकदम घेतलंस ना, राजापासून भालदारापर्यंत, ती. तिच्याशिवाय तो खर्च धरता येत नाही. धरला नाही तर कर इतका चढतो की खोलीसाठी साठवलेलं सगळं त्यातच जाईल. कापडवाल्याला फोन केला, तर तो दुकान बंद करून मुलाकडे परदेशी गेलाय, वह्या रद्दीत घातल्या म्हणे.

प्रधान बघितला, सेनापती बघितला, भालदार उलटे करून बघितले. राजा कुठे आहे? पेटाऱ्यात राजा नाहीये, मावशी. तू यादीत त्याचं नावच घातलेलं नाहीस. मला का वाटतंय की तू काहीतरी लपवतेयस?

मुंगी

*

शुक्रवार, ता. २१

चि. मुंगीस,

लपवत नव्हते. सांगायचं धाडस होत नव्हतं. दोन्हींत फरक आहे.

राजा भाड्याने गेलाय. एका नाटकमंडळीने सबंध हंगामासाठी नेलाय. पावती त्याच्याच चोरखिशात आहे. मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं, म्हणून मी गुपचूप मंडळींच्या मॅनेजरला निरोप धाडला की बाबा, अस्तरातला तेवढा कागद काढून पाठव. त्याचं उत्तर आलं, "राजेसाहेब देत नाहीत."

आता ऐक, आणि बसून ऐक. नाटकात एक प्रवेश आहे. राणी सोडून जाते, राजाला तिचं पत्र मिळतं, तो वाचतो आणि कोसळतो. पहिल्याच प्रयोगाला पत्र ठेवायला विसरले. राजा रंगमंचावर एकटा, हातात काही नाही, समोर भरलेलं थिएटर. त्याने घाबरून छातीवर हात मारला तर अस्तरात कागद लागला. तो काढून वाचायला लागला. आणि खालची बेरीज बघून त्याला असं रडू फुटलं म्हणतेस! लोक उभे राहिले. पेपरात नाव आलं. तेव्हापासून तो दुसऱ्या कुठल्याही कागदाकडे बघून रडूच शकत नाही. नक्कल करून दिली, चालली नाही. त्याला तीच पावती लागते.

खरं सांगू? त्याचं चुकत नाही. ती बेरीज बघून मीही रडले होते.

येत्या रविवारी दुपारी त्यांचा प्रयोग तुमच्याच गावात आहे. तू जा. साधे कपडे घालून गेलीस तर पडद्यामागे कोणी उभं करणार नाही. माझ्या पेटाऱ्यात दासीचा वेश आहे, निळा, तो घाल. दासीला कोणी विचारत नाही की तू कोण. मध्यंतरात राजाला गाठ आणि गोड बोल. नाहीच ऐकलं तर तुला जे सुचेल ते कर. चोरी करू नकोस. म्हणजे, सापडशील अशी करू नकोस.

तुझी, देव पाण्यात घालून बसलेली,
मावशी

*

सोमवार, ता. २४

मावशीऽऽ!

घाईत लिहितेय, अक्षराकडे बघू नकोस. सगळं क्रमाने सांगते, नाहीतर मीच फुटेन.

दासीचा वेश घातला. कंबरेत सैल होतो, तू कोणाच्या मापाने शिवलास? साहेब मला सोडायला आले आणि मग म्हणाले, "आलोच आहे तर बसतो." पहिल्या रांगेत बसले. मी मागच्या दाराने आत. खरंच कोणी विचारलं नाही. उलट एकाने माझ्या हातात पाण्याचा तांब्या दिला आणि "इकडे उभी राहा गं" म्हणाला.

मध्यंतरात राजाला गाठलं. माणूस भला आहे, पण डोळे कायम पाणावलेले. मी सगळं सांगितलं. तुझी खोली, बँक, बुटांचा व्यापारी, फीत. तो हळहळला. म्हणाला, "ताई, माझ्या घरचं काहीही मागा. हा कागद मागू नका. याच्याशिवाय मी राजा नाही." आणि छातीवर हात ठेवून उभा राहिला. घंटा झाली. मी विंगेत रडकुंडीला येऊन उभी, हातात तो तांब्या.

मग तो प्रवेश आला. राजाने पत्र काढलं, म्हणजे आपली पावती, आणि वाचायला लागला. मावशी, मी ढोबळमानाने सांगतेय, पण त्याने ज्या आवाजात "अखेरचा हिशेब" म्हटलं ना, माझ्याच अंगावर काटा आला. आणि मग तो कोसळून ओरडला, "नको! हे मला बघवत नाही! अरे, कोणी आहे का? हे पत्र माझ्या डोळ्यांसमोरून घेऊन जा!"

नाटकात तिथे कोणी नसतं. राजा एकटाच असतो, हाक वाऱ्यावर जाते, म्हणून तर लोक हळहळतात. पण मी विंगेत होते, दासीच्या वेशात, आणि राजाने हुकूम दिला होता. माझे पाय आपोआप निघाले. मला शाळेच्या गॅदरिंगमध्ये झाड केलं होतं तरी बोबडी वळली होती, आठवतं ना? तीच मी चालत चालत मधोमध गेले, मुजरा केला आणि म्हटलं, "आणा महाराज."

राजाचे डोळे पांढरे झाले. मी पावतीचं एक टोक धरलं. दुसरं त्याच्या मुठीत. तो दातांतल्या दातांत म्हणाला, "सोडा." मी मोठ्याने म्हटलं, "सोडा महाराज. आता सोडायलाच हवं." हे कुठून सुचलं देव जाणे. पहिल्या रांगेतून कोणीतरी "व्वा!" म्हटलं. तो आवाज साहेबांचा होता.

सगळं थिएटर त्याच्या मुठीकडे बघतंय. हुकूम त्याचाच, नाही कसं म्हणणार? त्याने माझ्याकडे बघितलं, पावतीकडे बघितलं, आणि मूठ उघडली. आणि मग तो जो रडला, मावशी! खरं रडला. कागद नाही, काही नाही, रिकाम्या हाताकडे बघून हंबरडा. बायका पदराने डोळे पुसत होत्या. मी पावती छातीशी धरून विंगेत पळाले आणि तिथे बसकण मारून हसत सुटले. हसू थांबेना. रडू पण थांबेना. तांब्यावाला म्हणाला, "पाणी पी." तांब्या माझ्याच काखेत होता.

नंतर राजा आला. मला वाटलं आता ओरडतो. तर हात जोडून म्हणाला, "ताई, आज मला कळलं, कागद हातात असताना मी अर्धंच रडत होतो." आता त्यांनी तो प्रवेशच बदलला. रोज एक दासी येऊन पत्र घेऊन जाणार. मला विचारलं, कराल का? मी म्हटलं, मी जबाबदार कर्मचारी आहे.

पावतीचा एक कोपरा फाटून त्याच्या मुठीत राहिला. माझा जीव गोळा झाला होता, तारीख गेली की काय! पण तिथे नुसतं "आभारी आहोत, पुन्हा यावे" छापलेलं होतं. ते त्याला राहू दिलं.

साहेबांनी पावती उजेडात धरली, उलटसुलट केली, आणि टोपण काढलं. रिटर्न आज सकाळी भरलं. कागद सोबत जोडलाय. तो घेऊन ताबडतोब बँकेत जा. खिशात ठेवू नकोस! हातात धरून जा!

नाचत, अक्षरशः नाचत,
मुंगी

*

बुधवार, ता. ९

माझ्या मुंगे, माझ्या बाळे, माझ्या दासीबाई,

इतके दिवस लिहिलं नाही कारण धावपळ होती, आणि कारण खरं होईपर्यंत मला लिहायचं नव्हतं. आता झालं. खोली माझी आहे. माझी! कागदावर माझं नाव आहे, शिक्का आहे, मी तो बोटाने चाचपून बघितला.

महिनाअखेरच्या दिवशी बँकेचा माणूस आणि मालक समोरासमोर बसले होते. बुटांचा व्यापारी पण आला होता, आशेने. मी इतक्या घाईने सही करायला घेतली की मालक म्हणाला, "सावकाश, बाई." मी म्हटलं, "सावकाश करायला आता मला आयुष्य पडलंय." व्यापाऱ्याला मी चहा पाजला. जाताना तो अस्वलाची चौकशी करून गेला, मुलाच्या वाढदिवसाला हवंय म्हणे. तुझ्या साहेबांना म्हणावं, अस्वल परत पाठवा, गिऱ्हाईक आहे.

आज सकाळी दुकानात एकटी होते. वाटलं, आता काय करावं? मालकाने इतक्या वर्षांत भिंतीला एक खिळा ठोकू दिला नव्हता. "भिंत खराब होते, बाई." मुकुट ठेवायला जागा नाही, तलवारी कोपऱ्यात पडतात, सगळे कपडे पेटाऱ्यांत, पण खिळा नाही म्हणजे नाही. दर भाड्याच्या दिवशी येऊन भिंतीवरून हात फिरवून बघायचा.

मी हातोडी घेतली. स्टुलावर चढले आणि खिळा ठोकला. वाकडा गेला. तसाच ठेवला. मग दुसरा ठोकला. मग मला काय झालं देव जाणे, मी ठोकतच सुटले. काही लटकवायचं नव्हतं गं, नुसती ठोकत होते. ठक ठक ठक! शेजारचा न्हावी तोंडाला फेस लावलेल्या गिऱ्हाइकाला तसाच सोडून बघायला आला. म्हणाला, "मावशी, काय चाललंय?" मी म्हटलं, "भिंत खराब करतेय." आणि आम्ही दोघं हसत बसलो, मी स्टुलावर आणि तो दारात.

तू नसतीस तर आज इथे बूट असते. हे मी तोंडावर कधी म्हणणार नाही, तोंडात टाचण्या असतात, म्हणून इथे लिहिते. तू होतीस म्हणून मी आहे इथे.

रविवारी ये. साहेबांनाही आण. तुझ्या उंचीला, गठ्ठ्याच्या बरोबर वर, एक जागा मोकळी ठेवलीय. तिथला खिळा तू ठोकायचास, कारण भिंत आपली आहे.

तुझी मावशी